अस्वलाच्या रानात बंदूक

मी कॉलेजात मराठी शिकवतो. बंदुकीचा आणि माझा संबंध तो काय, असे तुम्हाला वाटेल, आणि ते बरोबरच आहे. पण माझ्या वर्गात येणारी निम्मी मुले देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव, सडक-अर्जुनी या भागांतली. होळीच्या आसपास वर्गातले बाक रिकामे पडू लागतात. चौकशी केली तर उत्तर ठरलेले, "सर, मोहा पडायला लागला." ही मुले परत आली की त्यांच्याकडून रानाच्या गोष्टी ऐकायला मिळतात आणि त्यांत अस्वल हटकून असते. मग कुणीतरी विचारतो, "सर, आमच्या घरी पिकाच्या राखणीची बंदूक आहे. ती सोबत नेली तर काय हरकत?"

प्रश्न साधा दिसतो. रानात अस्वल आहे, माणसाला जीव प्यारा आहे, घरात बंदूक आहे, मग ती खुंटीला का टांगून ठेवायची? या प्रश्नाने मला बरेच वाचायला लावले आणि जुन्या जाणत्या माणसांच्या ओसरीवरही पुष्कळ बसवले. त्यातून जे हाती आले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

एक गोष्ट आधी सांगून टाकू. आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा निघाला. त्यापूर्वी, इंग्रजांच्या मध्यप्रांताच्या काळापासून, हा सगळा मुलूख शिकाऱ्यांच्या तोंडी होता. साहेब लोक परवाना काढून यायचे, राने गटवार नेमून दिलेली असायची. गावचे लोक हाका करायचे, साहेब मचाणावर बसायचा. कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने १८७१ साली छापलेल्या ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या पुस्तकात मध्य भारतातल्या अशा शिकारीची वर्णने आहेत. आता हे लक्षात घ्या, की त्या साहेबाच्या पाठीवर ओझे नसे. बिछाना, शिधा, पाण्याची पखाल, सगळे बैलगाडीवर नाहीतर गड्याच्या डोक्यावर. बंदूकसुद्धा बहुधा दुसराच माणूस वाहायचा आणि वेळ आली की भरलेली हातात द्यायचा. मचाणावर बसलेल्या, दोन्ही हात मोकळे असलेल्या, समोरून जनावर येणार हे आधीपासून ठाऊक असलेल्या माणसाच्या हातातली ती बंदूक होती. आपण ऐकतो त्या पराक्रमाच्या गोष्टी बहुतेक अशा बैठकीतल्या असतात. डोक्यावर टोपले, कमरेला भाकरीचे फडके, पाठीवर पिशवी आणि खांद्याला बंदूक अशा अवस्थेत पहाटेच्या अंधारात चाललेल्या माणसाची गोष्ट अगदी वेगळी आहे.

आता अस्वलाकडे वळू. आपल्या रानातले हे काळे, झिपरे अस्वल. युरोपातल्या पंडितांनी त्याला प्रथम पाहिले तेव्हा त्यांची चांगलीच फसगत झाली. लांब नखे आणि पुढच्या दातांमधली फट पाहून जॉर्ज शॉ या प्राणिशास्त्रज्ञाने १७९१ साली त्याची गणना स्लॉथ नावाच्या, दक्षिण अमेरिकेतल्या झाडाला लटकणाऱ्या आळशी प्राण्यात केली. पुढे चूक कळली, पण इंग्रजीतले नाव तेच चिकटून राहिले. वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसणे हे या जनावराचे खास लक्षण आहे. त्या फटीतून ते वाळवी आणि मुंग्या ओढून घेते. वारुळ नखांनी फोडायचे, फुंकर मारून माती उडवायची, मग ओठांची नळी करून सुर्र करून ओढायचे. शांत रात्री हा आवाज शंभर पावलांच्याही पलीकडून ऐकू येतो.

म्हणजे पोटासाठी ते माणसाच्या मागे लागत नाही. त्याचे खाणे वाळवी, मुंग्या, मध, बोरे, जांभळे, टेंभुर्णीची फळे, उंबर, बहाव्याच्या शेंगांतला गर आणि आपला मोहा. मग माणसावर का धावते? कारण ते दचकते. त्याची नजर अधू. नाक तीक्ष्ण, पण वारा उलटा असला तर नाक काय करणार? आणि वारुळात तोंड खुपसलेले असले की स्वतःच्याच आवाजापुढे त्याला दुसरे काही ऐकू येत नाही. अशा वेळी आपण दहा पावलांवर जाऊन उभे राहिलो तर ते पळण्याऐवजी अंगावर येते. अभ्यासक म्हणतात, की वाघाच्या शेजारी हजारो वर्षे काढल्यामुळे ही खोड त्याच्या रक्तात भिनली आहे. वाघापुढे पळून जाणारे अस्वल वाचत नाही, उलट अंगावर जाणारे कधीकधी वाचते. माणसापुढेही ते तोच हिशेब करते.

त्यात पिलांची वेळ. अस्वलीण हिवाळ्यात कपारीत नाहीतर बिळात विते, आणि दोन-तीन महिन्यांनी पिलांना पाठीवर घेऊन बाहेर पडते. दोन पिले आईच्या पाठीवरच्या लांब केसांना धरून बसलेली असतात. दिसायला मोठे गोड दृश्य! पण ती बाहेर पडते तो काळ आणि मोहा गळण्याचा काळ एकच. मोहाची फुले रात्री, पहाटे गळतात. ती वेचायला ती येते पहाटे, आणि आपणही जातो पहाटे. झाड एक, वेळ एक, फूल एक. दरेकसा, कचारगडकडच्या डोंगरात खडकांच्या कपारी आणि खाली मोहाची झाडे असा शेजार पाहिला की मला नेहमी वाटते, इथे भेट होणे हे नवल नाही, रोज होत नाही हेच नवल.

(ज्यांनी लहानपणी दरवेशाचे अस्वल पाहिले आहे त्यांच्या मनात अस्वल म्हणजे नाकात दोरी घातलेले, डमरूच्या तालावर डुलणारे गरीब जनावर. ती प्रथा २००९ च्या सुमारास देशात जवळजवळ संपली. बरे झाले. दात पाडलेले आणि नखे कापलेले ते जनावर पाहून रानातल्या अस्वलाची कल्पना करणे म्हणजे पिंजऱ्यातल्या पोपटावरून गरुड ओळखण्यासारखे होते.)

आता बंदुकीचा हिशेब करू. गुरुजींनी हा वर्गात मुलांकडून करून घ्यावा असा आहे. अस्वल ताशी ३० किलोमीटर वेगाने धावते असे धरा. म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून थोडे जास्त. झुडपामागून ते दहा मीटरवर उठले, तर आपल्यापर्यंत यायला त्याला सव्वा सेकंद लागतो. आता या सव्वा सेकंदात माणसाने काय काय करायचे ते मोजा. आधी दिसले पाहिजे, मग ते अस्वल आहे हे कळले पाहिजे. खांद्यावरचा पट्टा काढायचा. पाठीवर पिशवी असली तर पट्टा तिच्यात अडकतो. घोडा चढवायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा. तेही पहाटेच्या अंधारात, काळ्या जनावरावर, ज्याचे केस इतके लांब की अंग कुठे सुरू होते आणि केस कुठे संपतात हे दिवसाही कळत नाही.

आणि आपल्याकडची बंदूक कोणती? बहुतेक घरी ठासणीची, जिला आपल्याकडे भरमार म्हणतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी म्हणून या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. ती डुकरे हाकलायला, आवाज करायला ठीक. नळीत दारू, वर बोळा, मग छर्रे, गजाने ठासायचे, टोपी बसवायची. चांगल्या सरावलेल्या हातालाही यात अर्धे मिनिट जाते. म्हणजे बार एकच. तो चुकला तर हातात लाकूड उरते. लागला आणि छर्रे कातडीत रुतून बसले, तर समोर जखमी अस्वल उरते. बरे, भरून ठेवलेली बंदूक घेऊन चालावे म्हटले, तर दगडाला ठेच लागली, वेलीत घोडा अडकला, की पुढे चालणाऱ्या भावाच्या पाठीत बार. मागच्या माणसाची नळी पुढच्याच्या पाठीकडे असते, ही गोष्ट पायवाटेवर कोणी लक्षात घेत नाही. दवाने दारू सादळली असेल तर नुसता चट् असा आवाज होतो. तो आवाज फार वाईट, असे एका म्हाताऱ्याने मला सांगितले. कसा वाईट हे मी त्याला विचारले नाही.

माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. वय साठीच्या पुढे. डावा डोळा गेलेला, गालापासून हनुवटीपर्यंत कातडी ओढलेली. पदर नेहमी त्या बाजूने घेतलेला असतो. घटना त्यांच्याच बांधावरच्या मोहाखाली घडली. नवरा सोबत होता, त्याच्या हातात परवान्याची बंदूक होती आणि ती भरलेलीही होती. पण अस्वल आले ते बाईंच्या अंगावर. पुढच्या क्षणी बाई आणि अस्वल मिळून जमिनीवर एकच गोळा. नवरा बार कुठे मारणार? तो बिचारा बंदुकीचा दस्ता धरून अस्वलाच्या पाठीत काठीसारखी बंदूक घालत राहिला, आणि शेवटी अस्वल सोडून गेले ते त्या मारामुळे आणि आरड्याओरड्यामुळे. बार झालाच नाही. बाईंनी मला जे सांगितले ते मी विसरलेलो नाही. "बंदूक हाये मनून मी सामोर गेली, गुरुजी. नाई तं टेंभा घेऊन, आवाज देऊन जात होतो आमी."

अस्वलाने केलेला घात बहुधा असा तोंडावर आणि डोक्यावर होतो. ते मागच्या पायांवर उभे राहते आणि पंजा मारते तो माणसाच्या चेहऱ्यावर. जीव पुष्कळदा वाचतो, चेहरा वाचत नाही. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमधल्या उत्तर बिलासपूर वनविभागात एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या काळात झालेल्या हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. नोंदलेले हल्ले १३७, मृत्यू ११. उरलेल्यांनी पुढचे आयुष्य कसे काढले असेल, हे त्या बाईंचा पदर पाहिला की समजते. आणि यांतले बरेच हल्ले घनदाट रानात न होता गावाच्या कडेच्या परसात आणि शेतात झालेले आहेत.

तुम्ही म्हणाल, ठासणीची बंदूक जुनी झाली. चांगली रायफल असती तर? यावर परदेशातला एक दाखला फार उपयोगाचा आहे. अमेरिकेत अलास्का म्हणून प्रांत आहे. तिथे शिकारी आठ-आठ दिवस सगळे सामान पाठीवर घेऊन रानात फिरतात, आणि तिथली अस्वले आपल्या अस्वलाच्या तिप्पट-चौपट वजनाची. त्यांच्याकडे उत्तम रायफली असतात. तिथेही रायफल पाठीवरच्या सामानावर बांधावी की छातीशी अडकवावी की हातातच धरावी, यावर त्यांचे वाद चालतात, कारण पाठीवर बांधलेली रायफल वेळेवर हाती येत नाही हे त्यांनाही कळले आहे. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८३ ते २००९ या काळातल्या, बंदूक जवळ असतानाच्या २६९ घटना तपासून २०१२ साली निष्कर्ष मांडले. लांब नळीच्या बंदुकीने अस्वलाला थांबवले ते शंभरातून ७६ वेळा. पण ज्यांनी बंदूक वापरली आणि ज्यांनी जवळ असून वापरली नाही, त्यांना झालेल्या इजांत फरक आढळला नाही. याच दोघांनी २००८ साली तिखटाच्या फवाऱ्याचा अभ्यास छापला होता. डब्यातून मिरचीच्या अर्काचा ढग सोडायचा. तपकिरी अस्वलाला त्याने शंभरातून ९२ वेळा परतवले. मिरचीत जे झोंबते तेच त्या डब्यात असते. भिवापुरी मिरचीच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला यात आश्चर्य वाटू नये! नेम धरावा लागत नाही, ढग आडवा पसरतो, आणि हात थरथरला तरी चालते, हे त्यातले इंगित.

आता कायदा. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे त्यांनी नीट ऐकावा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अस्वलाला पहिल्या परिशिष्टात ठेवतो, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. त्याची शिकार केली तर तीन ते सात वर्षे तुरुंगवास. पण सरकार माणसाच्या जिवावर उठलेले नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे जनावर मारले गेले किंवा जखमी झाले, तर अकराव्या कलमाप्रमाणे तो गुन्हा नाही. मारलेले जनावर मात्र सरकारची मालमत्ता होते, त्याचे नखही घरी ठेवता येत नाही. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. पुढची अट कोणी सांगत नाही. त्या वेळी तुम्ही याच कायद्याविरुद्ध काही करत असाल, तर हे संरक्षण तुम्हाला मिळत नाही. म्हणजे असे, की चितळ किंवा डुक्कर मिळेल या आशेने बंदूक घेऊन रानात शिरलात, मध्येच अस्वल अंगावर आले आणि तुम्ही बार टाकला, तर "जीव वाचवायला मारले" हे सांगून सुटका नाही. नवेगावचे राष्ट्रीय उद्यान आणि नागझिऱ्याचे अभयारण्य डिसेंबर २०१३ पासून एकाच व्याघ्रप्रकल्पात आहेत. त्यांच्या हद्दीत लेखी परवानगीवाचून शस्त्र नेणेच मुळी मना आहे, आणि शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाण, जाळे आणि सुरीही येतात. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपले नाव वनखात्याकडे नोंदवायचे असते. पिकाच्या राखणीची बंदूक पिकाच्या राखणीसाठीच. ती बांध ओलांडून रानात गेली की तिचा अर्थ बदलतो.

बंदुकीवाचून याच रानात माणसे हिंडली आहेतच की. व्यंकटेश माडगूळकर पुष्कळ वर्षे पुण्याच्या आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांचे काम पाहत होते. तरुणपणी शिकारीचा नाद असलेला हा मनुष्य पुढे नागझिऱ्यात राहिला तो पाहायला आणि लिहायला. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधच्या परिसरात वर्षे काढली. २०२५ साली ते गेले. पण ही मोठी नावे झाली. त्यांच्याही आधीपासून गोंड आणि ढीवर म्हातारे, मोहा वेचणाऱ्या बाया बंदुकीवाचूनच जात-येत होत्या. त्यांची रीत मी विचारून घेतली आहे. एकट्याने जायचे नाही. बोलत, खोकत, गाणे म्हणत, काठी झाडाच्या बुंध्यावर आपटत जायचे. मोहाच्या झाडाखाली शिरण्याआधी लांबूनच हाळी द्यायची आणि थोडे थांबायचे. अस्वलाला निघून जायला वेळ आणि वाट दोन्ही द्यायची. फुटलेले ताजे वारुळ, मातीत नखांचे ओरखडे, फळांच्या बिया असलेली विष्ठा दिसली तर दुसरे झाड धरायचे. उजाडल्यावर वेचायचे. फुले थोडी कमी मिळतात, गुरे खातात, हे खरे. पण दोन घरे मिळून गेली तर तोही तोटा भरून निघतो. अलीकडे अस्वलाच्या अभ्यासकांनी घुंगराची काठी सुचवली आहे. आमच्या बैलांच्या गळ्यात ती युक्ती केव्हापासूनची आहे! कानात ते गाण्याचे बोंडूक घालून मोबाइल ऐकत रानात जाणाऱ्या पोरांना मात्र माझे सांगणे आहे, की रान ऐकायचे असते त्या वेळी कान बंद करू नका. आणि मोहाखालचा पाचोळा पेटवून देण्याची सवय सोडा. त्या आगीत राने जातात.

गुरुजी, शाळेत दोन मित्र आणि अस्वल ही इसापाची गोष्ट आपण सांगतोच. एक झाडावर चढतो, दुसरा मेल्याचे सोंग घेऊन पडतो. गोष्ट मैत्रीची आहे, पण मुले तिच्यातून अस्वलही शिकतात, तेव्हा दोन शब्द वर घाला. पहिला मित्र वाचला हे त्याचे नशीब, कारण आपले अस्वल मधासाठी झाडावर सरसर चढते. दुसऱ्याचे अर्धे बरोबर. अस्वल लांब असेल आणि त्याने पाहिले नसेल तर आल्या पावली हळू मागे सरावे. पाठ फिरवून पळू नये, धावण्यात ते हरत नाही. अंगावर आलेच आणि हातात काही नसेल तर पालथे पडावे, तोंड मातीत, दोन्ही हातांची बोटे मानेच्या मागे गुंफलेली, कोपरे कानांशी. पाठीवर पिशवी असेल तर ती तशीच राहू द्यावी, तेवढीच ढाल. सोबतच्यांनी एकत्र येऊन ओरडावे, काठ्या आपटाव्यात. ही निजण्याची तऱ्हा मुलांकडून कवायतीच्या तासाला मैदानावर एकदा करून घ्या. मुले हसतील. हसू द्या.

जखम झाली तर तीवर चुना, हळद, तंबाखू, शेण काहीही भरू नका. स्वच्छ पाणी आणि साबण, मग धुतलेले फडके घट्ट दाबून धरायचे आणि थेट दवाखाना. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि पिसाळीची लस, दोन्ही मागून घ्या. अस्वलालाही पिसाळी होऊ शकते हे पुष्कळांना माहीत नसते. फाटलेली कातडी लोंबत असली तरी कापू नका, डॉक्टर ती जागेवर बसवतात. वनरक्षकाला त्याच दिवशी खबर द्या, म्हणजे पंचनामा होऊन भरपाईचा अर्ज पुढे सरकतो. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक कुठल्याही फोनवरून लागतो. तो शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात मार्च ते जूनपर्यंत लिहून ठेवावा, आणि परीक्षेच्या दिवसांत पहाटे मोहावर गेलेले मूल उशिरा आले तर त्याला दाराबाहेर उभे करू नये. ते धावत आलेले असते.